पलीकडं माणूस हाय का

हे दुबईला गवंडीकामाला. यांचा फोन लागंना झाला तवा लेक अंगावर पीत व्हती. त्यात बाजारात पिंपरी पेंढारचा एक पावणा बोलून गेला, दुबईला इमारतीवर टांगलेला कामाचा पाळणा तुटून गवंडी पडले म्हणं, कोण पडलं ते काय म्हाईत न्हाई. झालं. बाळीला काखंला मारलं आन् घाटघरवरून एस्टीनं जुन्नर गाठलं. तितं एक नेट कॅफे व्हता, बागवानाची लेक चालवायची, तिला सगळी आपा म्हणायची. दुबईतल्या आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पोरांनी कॉम्प्युटरवर गप्पांची खोली केलीया, एवढं यांनी मला सांगून ठिवलं व्हतं.

आपानं खोली उघडली. लगेच एका बाईचं नाव आलं आन् म्होरं, "नमस्कार. कोण पाहिजे? नाव लिहा."

आता ही बाई कोण? मी सातवीपातूर शिकलेली, इंग्रजी अक्षरातलं मराठी एकेका बोटानं दाबत व्हते. लिवलं, आमचे हे हायेत का.

"नाव लिहा."

नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? लग्नात उंबऱ्यावर नणंदा आडवून घ्यायला लावत्यात तेवढंच. मला वाटलं ही बया तसलीच चेष्टा करतीया. लिवलं, बाई, जिवावर बेतलंय, थट्टा नको.

"नाव लिहा."

मंग लिवलं, बाळीचे पप्पा. टकदिशी उत्तर आलं, "बाळीचे पप्पा या नावाचे इथे कोणी नाही."

कोणी नाही! मी तितंच हंबरडा फोडला. बाळीबी रडाया लागली.

"अगं येडे, ती बाई नाय, मशीन हाय!" आपा वरडली.

"मशीन कशी? नमस्कार केला की तिनं."

आपानं मला सरकवलं आन् लिवलं, घाटघरवाल्याची बायको आलीय, कुणी खरा माणूस हाय का?

हाय, म्हणला एक जण. "वहिनी, रडू नका. पाळणा दुसऱ्या साईटवर तुटला. तुमच्या यांचा मोबाइल बिघडलाय, बोलवून आणतो. आन् ती बाई म्हंजे बॉट हाय, परोग्राम. मीच केलाय, आपसूक उत्तर देतो."

जीव जरा भांड्यात पडला. मंग आला राग.

"भाऊ, मशीन हाय तर बाईचं नाव कशाला?"

"मशीन लिवलं तर कोण बोलंल त्याच्याशी? आन् खोलीत येताना तो सांगतो की, मी बॉट."

"तो सकाळी आला, मी आत्ता. मला कुणी सांगितलं? दर बोलण्याच्या म्होरं खूण पायजे."

"बरं, नावाआधी चांदणी लावतो."

"चांदणी उद्या कुणीबी पोरगं लावंल," आपा म्हणली, "नायतर बॉटवाला काढून टाकंल."

मला आमची गाय आठवली. तिचं नाव आमी ठिवलं, पण इम्याचा बिल्ला कानात डॉक्टरनं मारला, आमाला काढता येत न्हाई. तसंच लिवलं, खूण खोली चालवणाऱ्यानं मारावी, ज्याची त्यानं न्हाई.

"ते सर्व्हरवर करावं लागंल, वहिनी. खोली मीच चालवतो, पण लई काम हाय."

"करा मंग," आपानं लिवलं. केलंबी त्यानं, पुढं त्या बाईच्या दर ओळीआधी राखाडी अक्षरात 'यंत्र' यायचं. पण त्या दिशी तसलं काय नव्हतं. आन् तेवढ्यात नवी ओळ आली, "ऐकलंस का. मी बराय. बाळी कशी हाय?"

माझे हात उठले आन् थांबले. नमस्कार करणारी बाई मशीन निघाली, मंग मी बराय म्हणणारं काय निघंल? त्या भावालाच इचारलं, उद्या तुमी खूण केली, तर खूण नसंल तो माणूस, असं नक्की का?

उत्तर आलं, "नाय, वहिनी. खूण असली तर मशीन, एवढं नक्की. नसली तर काय सांगता येत नाय."

खरं बोलला तो. आजून मी त्या बोलण्यापाशी अडते. खूण लावणारा लावंल तवाच खूण, आन् आपण आपलं समोरच्याला माणूस धरून चालायचं.

मी यांना लिवलं, लिवू नका. फोन करा.

कॅफेतल्या फोनचा नंबर आपानं दिला. घंटी वाजली. मी उचलला. पलीकडं कुणीतरी खाकरलं, हे बोलायच्या आधी खाकरत्यात तसं.

"हॅलो, मी..."

"बोलू नका," म्हणलं, "आजून एकदा खाकरा."