एकोणीस मिलिमीटर वर

नारळी पौर्णिमेच्या आधीचा रविवार, सकाळचे साडेनऊ. ठरलेली मजुरी साडेतीन हजार रुपये, सामान वेगळं. हजर चौघं: बोटीचा मालक, म्हणजे माझ्या बायकोचा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, त्याची बायको, फायबरचं काम करणारा मिस्त्री, आणि मी. जागा वरळी कोळीवाड्याचा किनारा. मासेमारीच्या बंदीत वर ओढून ठेवलेल्या बोटीच्या मागे, निळ्या ताडपत्रीखाली आम्ही उभे होतो. काम एकच होतं, सायलेन्सरचं भोक मोठं करायचं.

दादाने त्या पावसाळ्यात जुनं इंजिन काढून मोठं बसवलं होतं. मोठ्या इंजिनाचा धूर आणि इंजिन थंड करून आलेलं पाणी बाहेर टाकायला मोठा पाइप लागतो. तो पाइप बोटीच्या मागच्या सपाट भिंतीतून बाहेर निघतो. जुनं भोक चौसष्ट मिलिमीटरचं होतं. नवी फ्लँज, म्हणजे भोकात बसवायचं पाइपाचं तोंड, शंभराची होती. तिला एकशे दोनचं भोक हवं होतं. इंजिनासाठी काढलेल्या कर्जाचा पहिला हप्ता पुढच्या महिन्यात होता, त्यामुळे पौर्णिमेनंतर बोट समुद्रात जायलाच हवी होती.

मी दादरच्या एका कचेरीत हिशेब तपासतो आणि नायगावला राहतो. सासुरवाडी कोळीवाड्यात असूनही तेवीस वर्षांत मी त्या बोटीचा एक खिळाही ठोकलेला नव्हता. मी किनाऱ्यावर आलो की कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवतं. जावयाचा मान असतो तो, पण त्यात एक सूचनाही असते, की इथे बसा आणि कशाला हात लावू नका. त्या दिवशीही खुर्ची आली. मी तिच्यावर पिशवी ठेवली. पिशवीत बारीक मापं घ्यायचा माझ्या वडिलांचा व्हर्नियर होता.

वडील लालबागच्या गिरणीत फिटर होते. गिरणी बंद झाली तेव्हा त्यांनी घरी आणलेल्या मोजक्या वस्तूंपैकी हा एक. त्यांच्या दोन शिकवणी मी अजून पाळतो. पहिली, काढलेला भाग नवा बसेपर्यंत फेकायचा नाही. दुसरी, भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही.

पहिल्या शिकवणीपायी मी आदल्या रविवारी थोडं हसं करून घेतलं होतं. इंजिनाबरोबर निघालेली जुनी फ्लँज, क्लॅम्प आणि स्क्रू भंगारवाल्याच्या ढिगात पडले होते. ते मी उचलून गोणपाटात बांधले आणि बोटीखाली ठेवले.

"जावयबापू," दादा म्हणाला होता, "नायगावात आता भंगाराचं दुकान काढताव काय?"

"नवी बसली की टाका," मी म्हणालो होतो.

मिस्त्री कामाचा माणूस होता. भोक आधीच असलं की गोल करवतीच्या मधल्या ड्रिलला धरायला काही उरत नाही आणि करवत भिंतीवर नाचते, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने सागाचं गोल बूच तासून आणलं होतं. ते जुन्या भोकात ठोकून घट्ट बसवलं, त्याचा मध्य काढला आणि पेन्सिलीने फुली मारली. मग करवत ड्रिलला लावली. मी व्हर्नियरने करवत मोजली. एकशे दोन, बरोबर.

"साहेब, विश्वास नाय काय?" मिस्त्रीने विचारलं.

"आहे. पण मोजल्यावर जास्त असतो."

खटकली ती फुली. जुन्या मध्यावरून मोठं भोक पाडलं तर ते चारी बाजूंना सारखं वाढणार. एकशे दोनमधून चौसष्ट गेले, अडतीस. त्याचं निम्मं एकोणीस. म्हणजे भोकाची खालची कड एकोणीस मिलिमीटर खाली, पाण्याच्या दिशेने येणार. इंजिन बंद असताना ती कड पाण्याखाली गेली, तर पाणी पाइपातून उलटं इंजिनात शिरू शकतं. मी हे दादाला सांगितलं.

दादाने खाली बोट दाखवलं. "तो लाल पट्टा बघा. पाणी तिथंवर येतं. भोकापासून चांगलं चार बोटं खाली हाय. एकोणीस मिलिमीटरने काय बुडणार?"

पट्टा ताजा होता. पौर्णिमेला बोट नवी नवरी दिसली पाहिजे, म्हणून कोळीवाड्यात बोटी आधी खरवडून रंगवतात. दादाकडे रंगारी स्वस्तात मिळाला, म्हणून रंग तर इतर कामांच्याही आधी झाला होता. त्यामुळे पाणी खरोखर कुठवर येत होतं त्याची खूण रंगाखाली गेली होती. उरला होता तो फक्त पट्टा, आणि तो बोट बनली तेव्हाच्या मापाने दरवर्षी पुन्हा ओढला जात होता. तेव्हा बोटीवर बर्फाचा मोठा पेटारा नव्हता; त्याच्या वजनाने बोट आता जास्त खोल बसणार.

मी बोटीखालून गोणपाट ओढलं आणि जुनी फ्लँज बाहेर काढली. तिच्या खालच्या दोन स्क्रूंच्या भोकांपर्यंत शेवाळाचा हिरवा डाग होता, आणि अगदी खालच्या कडेवर बारीक पांढऱ्या कालवांचे दोन कण चिकटलेले होते. मी ती दादाच्या हातात दिली.

"कधीतरी लाट लागली असेल," मिस्त्री म्हणाला.

"एका लाटेने कालवं धरत नाहीत," मी म्हणालो. मला कालवांची फार माहिती नाही, हे मी तेव्हा बोललो नाही.

वहिनी बाजूलाच बसल्या होत्या. त्या पाटीत बर्फ फोडायच्या लोखंडी सळया धूत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भावजी बरोबर बोलतान. भोकाच्या बुडाशी हिरवंगार होतं. घासून घासून माझी नखं गेली तिथं."

"मग बोलली नाय ती?" दादा म्हणाला.

"इचारलंस कधी? मला इचारलंस तं फक्त च्या झाली काय."

मिस्त्री हसला आणि त्याने पेन्सिल माझ्यापुढे धरली. मी मध्य एकोणीस मिलिमीटर वर घेतला. आता खालची कड जुन्या जागीच राहणार आणि सगळी वाढ वरच्या बाजूला होणार. नवी फुलीही सागाच्या बुचातच पडत होती, म्हणजे ड्रिलला धरायला लाकूड होतं.

"वरती आतून आडवं लाकूड हाय," मिस्त्री म्हणाला. "भिंतीच्या आधाराचं. ते कापलं तं मी जबाबदार नाय."

हा आक्षेप खरा होता. मी चप्पल काढून बोटीच्या मागच्या पोकळीत शिरलो. पन्नाशीच्या जवळ आलेल्या माणसाने तिथे शिरू नये. मोबाइलच्या उजेडात जुन्या भोकाच्या वरच्या कडेपासून त्या लाकडापर्यंतचं अंतर तीनदा मोजलं. पंचावन्न. भोक वर वाढणार अडतीस, रबरी पाइप आणि क्लॅम्पला बारा, एकूण पन्नास. पाच उरतात. पुठ्ठ्यावर हिशेब मांडला आणि बाहेर दिला. तो तिघांनीही वाचला, वहिनींनी दोनदा.

दादाने जुन्या फ्लँजच्या हिरव्या डागावरून अंगठा फिरवला. बोट त्याची, कर्ज त्याचं. शेवटी म्हणाला, "मार मिस्त्री. भावजी बोलतान तिथं."

तेवीस वर्षांत त्याने मला प्रथमच 'भावजी' म्हटलं. एरवी जावयबापूच.

मिस्त्रीने तोंडाला फडकं बांधलं. करवत हळू, थांबत थांबत चालवली. फायबरची पांढरी भुकटी माझ्या हातांवर बसली आणि चार दिवस खाज राहिली. कापलेली चकती बाहेर आली तेव्हा तिच्यात सागाचं बूच तसंच अडकलेलं होतं, एका बाजूला सरकून, कडेला टेकलेलं. भोकाच्या कडेत फायबरच्या दोन थरांमधलं प्लायवूड दिसत होतं. ते उघडं राहिलं तर पाणी पिऊन कुजतं, म्हणून मिस्त्रीने रेझिनचा एक हात मारला. दुसरा मी मारायला लावला.

"साहेब, तुमच्या कचेरीतली लोकं कशी नांदतान तुमच्याबरोबर?" त्याने विचारलं.

"लांब बसतात," मी म्हणालो. वहिनी पहिल्यांदा मोठ्याने हसल्या.

पौर्णिमेला पूजा झाली, नारळ समुद्राला दिला. दुसऱ्या दिवशी भरतीला बोट पाण्यात उतरली. मी अर्धा दिवस रजा टाकली होती. डिझेल भरलं, जाळी चढली, पेटारा बर्फाने भरला. मग वजन मागे यावं म्हणून दादाने चारही खलाशांना मागे उभं केलं, आणि मी शेजारच्या होडीतून पोलादी पट्टी घेऊन मागच्या भिंतीशी गेलो. लाल पट्टा कधीच पाण्याखाली गेला होता. भोकाच्या खालच्या कडेपासून पाणी चौदा मिलिमीटर खाली थांबलं.

"किती?" दादाने वरून विचारलं.

"चौदा."

"आनि तुमचा तो एकोणीस?"

"जुन्या फुलीवर पाडलं असतं तर कड पाच मिलिमीटर पाण्यात असती."

त्याने वाकून ती कड पाहिली. मग सरळ होऊन खलाशांना सांगितलं, "यांचं नाव लिवा." मला अर्थ कळला नाही. बोट निघाली. नव्या सायलेन्सरचा आवाज जुन्यापेक्षा जड होता. मी होडीतच उभा राहून तो बांधापलीकडे जाईपर्यंत ऐकला. मग कचेरीत गेलो आणि कुणी काही विचारलं नसताना दोघांना भोकाचं माप सांगितलं.

अर्थ नऊ दिवसांनी कळला. बोटीची कमाई वाट्यांत वाटली जाते: बोटीचा वाटा, जाळ्यांचा, प्रत्येक खलाशाचा. सासुरवाडीची मासळी आमच्या घरी नेहमी येते, पण ती लेकीला पाठवलेली भेट असते. या वेळी दादा स्वतः नायगावला आला, पंख्याखाली बसला, पाणी प्यायला आणि खिशातून घडी घातलेल्या नोटा काढल्या. बायको म्हणाली, "दादा, हे काय? घरातल्या माणसाला पैसे?" तो म्हणाला, "तुला नाय देत. वाट्यात यांचं नाव लिवलंय. कामाचा वाटा हाय." मी मोजल्या. त्याच्यासमोर मोजल्या, आणि त्याला ते आवडलं.

मिस्त्रीला साडेतीन हजार रोख, काम झालं त्याच दिवशी, दादाने दिले. मला एका फेरीचा खलाशाचा अर्धा वाटा, एक हजार दोनशे चाळीस रुपये, तेही दादानेच दिले.