पाजणाऱ्यानं आधी चाखायचं

ललिता कांबळेच्या हाताखाली नवी पोरगी शिकायला आली की तिला पहिला धडा एकच. जलसंजीवनी ढवळायची आणि बाळाच्या तोंडाला लावायच्या आधी, जो पाजणार त्यानं स्वतः चाखायची. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागली तर सरळ मोरीत ओतायची. एवढं सांगून बाई पुढं चालती. समजावत बसायचा तिचा पिंडच नव्हता.

तो पिंड घडला भांडणातच. नर्सिंगला जायचं म्हटल्यावर बाप, दादासो, भरल्या ताटावरून उठला होता.

"तुझ्या आज्यानं धम्म घेतला त्या दिवशी मेलेली ढोरं वढायची दोरी चुलीत घातली. आन तू निघालीस लोकांच्या पोरांचं हागणं-मुतणं काढायला?"

"ती दोरी गावानं आज्याच्या हातात दिलेली, आबा. हे काम माझं मी निवडलंय. आन लेकराचं मूत ही काय घाण हाय व्हय?"

लेक गेली ती गेलीच. शिकली आणि राजारामपुरीत डॉक्टर त्रिशलाबाईंच्या लहान मुलांच्या दवाखान्यात लागली. पाजणाऱ्यानं आधी चाखायचं, हा नेम त्रिशलाबाईंचाच. येईल त्या आईला त्या तो सांगायच्या.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात एका सकाळी कागलकडची बाळाबाई सुनेला आणि तान्ह्या नातवाला घेऊन आली. पोराला जुलाब लागले म्हणून म्हातारीनं त्याचं पाणीच तोडलं होतं. वरनं घातलं की खालनं जातंय, मग घालायचंच कशाला, असलं शहाणपण! पोराची टाळू आत गेलेली, रडत होतं तर डोळ्यांत टिपूस नाही.

"गिळतंय अजून, सुईची गरज नाही," त्रिशलाबाई म्हणाल्या. "चमच्या-चमच्यानं पाजत राहायचं. पण आत्ता आणि इथंच."

ललिता वाटी-चमचा घेऊन आली. बाळाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कुणाची गं तू? गाव कंचं?"

"तुमच्या शेजारचंच. दादासो कांबळ्यांची मी."

झालं! म्हातारीनं पदर आवरून घेतला. "तुझ्या हातचं पाणी न्हाय चालत आमाला. सलाईन लावा म्हणावं."

वा रे वा! सलाईनची बाटली कुणी भरली, ते कोण विचारतंय?

त्रिशलाबाई मनानं वाईट नव्हत्या, पण भांडण म्हटलं की त्या मागं सरायच्या. ललिताला आत बोलावून त्या हळूच म्हणाल्या, "आजच्यापुरतं आक्काला पाठवू या. पोर महत्त्वाचं." आक्का म्हणजे दवाखान्यातली दुसरी नर्स.

ललिताच्या अंगाची लाही लाही झाली. भीतीही वाटली. म्हातारी पोराला घेऊन चालती झाली तर? पोर वाटेतच जायचं, आणि आपला ताठा आपल्यालाच जन्मभर खायचा. पण आज बाजूला झालो तर उद्या दुसरी कुणी गाव विचारणार, आणि परवापासून आपली जागा मागच्या मोरीवर.

"मी हटणार न्हाई, मॅडम," ती म्हणाली आणि वाटी घेऊन तशीच बाहेर गेली.

"माझा हात नगो तर तुमी पाजा," तिनं बाळाबाईला सांगितलं. "पण हितला नेम हाय. पाजणाऱ्यानं आधी चाखायचं."

"मला बाटवतीस व्हय गं?" म्हातारी कडाडली. "ऊठ गं सूनबाई. दुसरा डाक्टर बघू."

सून उठली. पण सून दाराकडं वळलीच नाही. डोईवरचा पदर घसरला त्याचंही तिला भान नव्हतं. तिनं ललिताच्या हातातली वाटी ओढून घेतली, चांगला घोट घेतला आणि सासूकडं बघत बघत गिळला.

"मी बाटलो," ती म्हणाली. "आता घरात घ्या न्हाईतर घेऊ नका. माझं पोरगं हितनं हलणार न्हाई."

म्हातारी मटकन बाकावर बसली. मग सून आणि ललिता आळीपाळीनं पाजत राहिल्या. ललितानं वाटीत नवीन ओतायचं, सुनेनं चाखून चमचा लावायचा. सून दमली की ललितानं पोर मांडीवर घ्यायचं आणि स्वतः चाखून पाजायचं. दुपार कलली आणि पोरानं ललिताच्या पांढऱ्या साडीवर सोडली की धार! जुलाबानं आटलेलं लेकरू मुतलं, म्हणजे सुटलं. आबाची आठवण येऊन ललिता खदाखदा हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

बाळाबाई सकाळपासून कोरड्या घशानं बसून होती. हसणं-रडणं बघून ती खालमानेनं पुटपुटली, "वाईच पाणी मिळंल काय?"

आक्का उठायला लागली. ललितानं तिला हातानं थांबवलं.

"त्यो काय माठ," ती म्हणाली. "सकाळी मीच भरलाय. घ्या हातानं."

आणि पुढच्या लेकराची टाळू बघायला ती वळली. मागं माठावरचं झाकण वाजलं. तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही.