लेकरांच्या बादलीतला चहा

बारा माणसं हवी होती आणि अकराच जमली, म्हणून मला नेलं. शौ-ल्वानताईच्या मुलाच्या लग्नाला मी गेले ती अशी, संख्या जुळवायला. नवरीला आणायला विषम माणसांनी जायचं नसतं, आणि ताईच्या चुलत दिराने नेमका आदल्या दिवशी पाय मुरगळून घेतला. दुपारी ताई माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "हुई-चू, उद्या सकाळी साडेसातला ये. लाल काहीतरी घाल." एका खोलीत एकवीस वर्षं काढल्यावर हे असं आमंत्रण. मला राग आला होता, तो गाडीत बसेपर्यंत टिकला.

आमची खोली म्हणजे मिंग-च्येन नावाच्या चहा कारखान्यातली चव घेण्याची खोली. शहरातल्या पेयांच्या दुकानांना आम्ही चहा पुरवतो. पीचचा, लिचीचा, पपनसाच्या फुलांचा, सोनटक्क्याचा, शिवाय रात्रभर गार पाण्यात भिजवायचे वेगळे. पांढऱ्या कपांची रांग लागते. ताई चमच्याने घोट घेते, एवढ्या जोरात सुर्र करते की बाहेर गोण्या उचलणारे हमाल हसतात, घोट तोंडभर फिरवते, डाव्या गुडघ्याशी ठेवलेल्या पिकदाणीत थुंकते आणि लगेच निकाल सांगते. तो लिहून घ्यायचं काम माझं. छापील तक्त्यात चार खण आहेत: रंग, वास, चव, शेवट. आणि ताईचे निकाल असे, की चारांतल्या एकाही खणात मावत नाहीत.

पीचचा एक चहा पिऊन ती म्हणाली, "हा दारातून मोठ्याने हाका मारत येतो आणि आत आला की गप्प बसतो." मी लिहिलं, 'वास तीव्र, चव फिकी.' लिचीच्या चहाला म्हणाली, "याने आत्याचं अत्तर चोरलंय." मी लिहिलं, 'वास कृत्रिम.' गार भिजवलेला सोनटक्क्याचा ऊलाँग चहा मात्र तिने डोळे मिटून तोंडात धरला, थुंकला आणि म्हणाली, "शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यासारखं वाटतंय." त्या वेळी मी पेन खालीच ठेवलं. साहेबांनी विचारलं की शेवटचा खण कोरा का, तर मी म्हटलं शाई संपली.

ताई नववीपर्यंत शिकली. बापाचा चहाचा लहानसा मळा होता, तिथे पानं खुडत वाढली आणि एकोणिसाव्या वर्षी कारखान्यात पाकिटं भरायला लागली. एक दिवस पाकिटं भरता भरता म्हणाली, हा माल साबणाच्या शेजारी ठेवला होता. मुकादम हसला. दोन दिवसांनी कोठार उघडलं तर चहाच्या गोण्यांमागे धुण्याच्या पावडरीची खोकी निघाली. तेव्हापासून ती आमच्या खोलीत. पहिल्या वर्षी तिला कोणी थुंकायला शिकवलं नव्हतं, दिवसाला दीडशे घोट ती गिळायची. अकरा दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही, आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या स्कूटर तिने चकचकीत पुसून काढल्या असं तिचा नवरा अजून सांगतो. त्यानंतर तिने चहा गिळणं जे सोडलं ते सोडलंच. घरी कोमट पाणी, पाहुण्यांकडे कोमट पाणी. एकवीस वर्षांत तिच्या घशाखाली चहा गेलेला मी पाहिला नव्हता.

तिचा मुलगा बो-युआन गाडीत माझ्या शेजारी बसला होता. कोटात त्याला घाम फुटला होता. तीन वर्षांपूर्वी त्याची एक मैत्रीण घरी आली होती आणि तिने हौसेने गुलाबाचा चहा करून होणाऱ्या सासूपुढे ठेवला होता. ताई तिला म्हणाली होती, "बाळ, ही फुलं देवापुढची आहेत का? उदबत्तीची चव लागतेय." मुलीने चपला घातल्या त्या पुन्हा त्यांच्या दारात काढल्या नाहीत. या खेपेला बो-युआनने आईकडून वचन घेतलं होतं. नवरी सगळ्या वडीलधाऱ्यांना चहा देईल तेव्हा आईने फक्त 'गोड आहे, गोड राहो' एवढंच म्हणायचं. चहाबद्दल दुसरा शब्द काढायचा नाही. गाडीत त्याने ते तिच्याकडून तीनदा घोकून घेतलं. ताईही गुणी विद्यार्थिनीसारखी तीनदा म्हणाली. बोलण्यापलीकडे तिच्या तोंडाला आणखी काही सवयी आहेत, हे आम्हा बारा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

नवरीचं घर ह्वा-थानला. तिथे मोगऱ्याची शेतं आहेत, आणि नवरीची आजी, गू आजी, त्या शेतांत उभी हयात काढलेली. वय ब्याऐंशी, ताठ कणा, केसांत मोगरा. आई-वडील लवकर गेल्यामुळे नवरीला, पेई-श्वानला, तिनेच वाढवलं होतं. दहा चाळीसला मुहूर्तावर नवरी घराबाहेर पडायची होती. त्याआधी चहा, मग रिकामे कप पैशांच्या लाल पाकिटांसह परत, मग सासूने नवरीच्या बोटात अंगठी घालायची. चहा आणि कप झाल्याशिवाय अंगठी डबीतून निघत नाही.

आम्हाला मानाप्रमाणे बसवलं. आधी बो-युआनचे थोरले काका, मग ताईचा नवरा, मग ताई, आणि टोकाला संख्या जुळवणारी मी. ताईच्या डाव्या हाताला नवरीबरोबर जायचं सामान मांडलं होतं. उशा, आरसा, आणि अगदी तिच्या गुडघ्याशी लेकरांची बादली. लाल रंगवलेली, आत सुकी बोरं आणि शेंगदाणे. पुढे नातवंडं झाली की त्यांना तीत न्हाऊ घालायचं म्हणून ती नवरीबरोबर पाठवतात. ही बादली गू आजी स्वतः नवरी होऊन आली तेव्हाची होती.

पेई-श्वान तबक घेऊन आली. लाल झगा, पांढरे इवले इवले कप. लग्नाचे विधी सांभाळणाऱ्या मध्यस्थ बाई तिच्या कोपराला धरून गोड गोड चार ओळी म्हणत होत्या. थोरल्या काकांनी कप उचलला आणि दचकले, कारण चहा गार होता. नवरीच्या हातचा चहा कढत आणि पाकासारखा गोड असतो. तरी ते मुकाट्याने प्याले. ताईचा नवराही प्याला. मग ताईने कप उचलला.

पांढरा कप, गार चहा, मोगऱ्याचा वास. तिच्या चेहऱ्यावरची सासूबाई मला डोळ्यांदेखत विरघळताना दिसली. तिने सुर्र केलं. भिंतीवरचं कॅलेंडर हललं म्हणायलाही हरकत नाही. तोंडातल्या तोंडात घोट फिरला, उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे. मी जागची अर्धी उठलेही होते. ताई डावीकडे वाकली आणि लेकरांच्या बादलीत अचूक थुंकली.

थुंकल्यावर निकाल येतो, तसा तो आलाच. "फुलं कालची, कळीतच खुडलेली, हात चांगला आहे," ताई समोर बघत म्हणाली. "सात तास भिजलाय, आठ हवा होता. आणि हा दोन माणसांचा चहा आहे. एकाने मन लावून केला आणि दुसऱ्याने मागाहून साखर टाकली, तीही ढवळली नाही."

सांगायला लाज वाटते, पण मी पर्समधून पेन काढून लाल पाकिटावर लिहायला सुरुवात केली होती. 'वास उत्तम' एवढं लिहून झालं तेव्हा खोलीत काय झालंय ते माझ्या लक्षात आलं.

मध्यस्थ बाईंच्या चार ओळींपैकी तिसरी ओठांवरच अडली होती. बो-युआनचा चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा झाला. तो पुटपुटला, "आई, तू वचन दिलं होतंस."

"मी 'गोड आहे' म्हणणारच होते," ताई म्हणाली, आणि मग तिने बादलीकडे पाहिलं. तिचा हात तोंडावर गेला. एवढी ओशाळलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

गू आजी काठी टेकत पुढे आली. "आमच्या मुलीचा चहा तुम्ही थुंकलात," ती सावकाश म्हणाली. "तोही माझ्या बादलीत. चहा आत घेतला म्हणजे मुलगी आत घेतली. बाहेर टाकला, त्याचा अर्थ काय घ्यायचा आम्ही?"

ताईचा नवरा उठून तिच्या कामाबद्दल काहीतरी समजावू लागला. दिवसाला दोनशे घोट, पिकदाणी, सवय. आजी त्याच्याकडे बघतही नव्हती. घड्याळात दहा वाजून गेले होते. एवढ्यात पेई-श्वान बोलली, आणि ती तिसऱ्याच गोष्टीवर अडली होती.

"साखर?" ती म्हणाली. "मी साखर घातलीच नाही."

सगळे तिच्याकडे बघायला लागले, मग तिच्या नजरेच्या मागोमाग आजीकडे. आजीने काठी या हातातून त्या हातात घेतली.

"आजी."

"मग काय करू? पहाटे फ्रीज उघडला, चमचाभर चाखला, तर अगोड. अगोड चहा घेऊन मुलगी कधी सासरी जाते का? मूठभर टाकली. ढवळायला गेले तर ती तोंडाची रंगरंगोटी करणारी आली."

खोलीतलं पहिलं हसू थोरल्या काकांचं. मग बो-युआनचे मामा, मग मध्यस्थ बाई, मग मीही, कारण मला आवरेना. तोंडावर रुमाल धरून आम्ही सगळे हलत होतो. फक्त पेई-श्वान हसत नव्हती.

"मावशी," ती ताईला म्हणाली. "बो-युआनने मला सांगितलं होतं की आई चहा गिळत नाही. तीन महिने झाले, मी आजीच्या फुलांत चहा मुरवतेय. सव्वीस बाटल्या केल्या. म्हटलं, एखादा तरी असा होईल की तुम्हाला थुंकवणार नाही." तिने मान खाली घातली. "हाही नाहीच झाला."

आता कोणी हसत नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं की पाकिटावरचं 'वास उत्तम' तिला दाखवावंसं वाटलं. ताई उठली. गुडघ्यावरचा रेशमी झगा तिने झटकला आणि कारखान्यात विचारते त्याच आवाजात विचारलं, "साखर पडायच्या आधीचा आहे का थोडा?"

"एक बाटली आहे. मी माझ्यासाठी बाजूला ठेवली होती."

"आण."

पेई-श्वान तबक खाली ठेवून, झगा दोन्ही हातांनी उचलून स्वयंपाकघरात पळाली. मध्यस्थ बाई तिच्यामागे पळाल्या, कारण नवरीने एकटीने फिरायचं नसतं. दोघी बाटली घेऊन धापा टाकत आल्या. साध्या काचेच्या बाटलीत फिक्या पिवळ्या रंगाचा चहा, बाहेरून घाम आलेला. तिने नव्या कपात ओतला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला. थोडा सांडलाही.

ताईने कप घेतला. खोलीतली सगळी माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती. बो-युआन पुढे सरकला आणि त्याने पायाने बादली हळूच दोन हात लांब ढकलली. आजीला ते दिसलं. तिने काठीने ती आणखी एक हात लांब सारली.

ताईने सुर्र केलं नाही. कुठल्याही घरातली कुठलीही बाई पिते तशी ती प्यायली. घोट तोंडात गेला आणि सवयीने डावा गाल फुगला. मग गाल बसला, आणि तिच्या गळ्याशी काहीतरी वरून खाली सरकलं. दुसरा घोट. तिसरा. कप उलटा धरला, त्यातून एक थेंबही पडला नाही.

"गेला का?" आजीने विचारलं.

"गेला."

"मग सांगा की कसा आहे. मघाशी एवढं सांगत होतात."

ताईने तोंड उघडलं. मी पेन सरसावलं. ती उघड्या तोंडाने तशीच उभी राहिली, आणि चाळीस वर्षं ज्या बाईने जगातल्या प्रत्येक चहाला नाव ठेवलं तिला एक शब्दही सापडेना. डोळे मात्र भरून आले. तिने कपात लाल पाकीट गुंडाळून खोचलं, तो पेई-श्वानच्या तबकावर ठेवला आणि बाटलीकडे बोट दाखवून म्हणाली, "उरलाय का?"

"आहे ना," पेई-श्वान म्हणाली. आता ती हसत होती आणि रडतही होती, डोळ्यांचं काजळ गालांवर आलं होतं. "आई, कप भरून देऊ?"

"अगं, अंगठीच्या आधी आई म्हणायचं नसतं," गू आजी ओरडली.

"मग घाला ना लवकर," पेई-श्वान म्हणाली, आणि एका हातात बाटली तशीच धरून तिने दुसऱ्या हाताचं बोट ताईपुढे केलं.