साहेबांना ‘होल्ड ऑन’ म्हणणाऱ्या बाई

आमच्या कागदाच्या कारखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर एक बाई होत्या. सगळे त्यांना ‘होल्डऑनबाई’च म्हणायचे. चिडायच्या नाहीत, उलट आम्हालाच शिकवायच्या. मी गावच्या शाळेतला, इंग्रजी म्हणजे सगळं डोक्यावरून! जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्यांच्या खिडकीशी गेलो की झालंच सुरू.

“शिडीवरच्या माणसाला होल्ड ऑन म्हटलं, तर घट्ट धर. संकटातल्याला म्हटलं, तर धीर सोडू नकोस. आणि फोनवर?”

“थांबा!”

“नुसतं थांबा नव्हे हो. थांबा, मी आहे इथं.”

आणि त्या शब्दाला जागायच्या. कुणाला थांबवलं की मधूनमधून आवाज द्यायच्याच, “आहात ना? शोधतायत हं.”

फक्त साहेबांना होल्ड ऑन म्हणायचं नाही, असं त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या मोठ्या बाईंनी त्यांना पहिल्याच दिवशी बजावलेलं. साहेबांनी मागितली की लाइन द्यायची, बस्स. नोकरी अजून कच्ची, त्यामुळे बाई मान डोलवायच्या.

बाहेरची लाइन एकुलती एक. त्या दुपारी तिच्यावर दवाखान्यातून माझ्या सासूबाई बोलत होत्या. आमची ही पहिलटकरीण, अडलेली. डॉक्टर ऑपरेशनसाठी माझा होकार मागत होते. आणि मी पार मागच्या शेडमध्ये, कोपरापर्यंत लगद्यात! मला बोलवायला माणूस धावला, तोच साहेबांनी लाइन मागितली.

“तोड तो फोन,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“होल्ड ऑन, सर,” बाईंनी साहेबांना सांगितलं, आणि लगेच सासूबाईंना, “आई, आहात ना? जावई निघालेत हं.”

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. “गेली गं तुझी नोकरी!”

मी धापा टाकत पोचलो, “करा म्हणावं, करा!” असं ओरडलो आणि रिसीव्हर तसाच कवटाळून उभा राहिलो. बघतो तर दारात साहेब.

“मला थांबा कोण म्हणालं?”

“मी.” बाई उठून उभ्या राहिल्या. “यांची बायको अडलीय. तुम्हाला थांबता येत होतं, साहेब. तिला नव्हतं.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातावरून लगदा थबथब फरशीवर गळत होता.

“मुलगा की मुलगी?”

“अजून… अजून काही नाही, साहेब.”

त्यांनी खुर्ची ओढली. “मग आधी ते कळू दे. माझं नंतर.”

मोठ्या बाईंचं तोंड असं झालं, जणू कुणी चहात मीठ घातलंय! पुढे बाईंची नोकरी पक्की झाली, त्या निवृत्तही झाल्या, बोर्ड भंगारात गेला. त्या खिडकीशी आता कुणी डबा उघडत नाही.

मुलगी झाली होती. आता ती दोन लेकरांची आई. अजूनही “बाबा, चला ना लवकर!” म्हणून घाई करते, तेव्हा मी मुद्दाम चपला सावकाश घालतो.

“थांब गं जरा,” म्हणतो, “तुझ्यासाठी आमचे साहेबसुद्धा थांबले होते!”