मॉनिटर काढून ठेवणारे मामा

कुठल्याही मशीनच्या कामाला बसायचं झालं की मामा आधी तिचा मॉनिटर काढून ठेवत. मग कीबोर्ड, मग माऊस. ते सगळं चहाच्या टेबलाखाली सरकवून, हात झटकून विचारत, "आता सांग, चालू हाय का बंद?" औंढ्याच्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी संगणकाच्या कामावर रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला हे विचारलं. मी म्हटलं, "दिसतच नाही तर कसं सांगू?" तर म्हणाले, "मंग शिकून काय आलीस?" ताज्या पदवीचं पाणी त्यांनी एका वाक्यात जोखलं. मला फार राग आला होता.

मामा मूळचे टेलिफोन एक्स्चेंजमधले. तिथली नोकरी मुदतीआधी सोडून ते दवाखान्यात आले आणि सगळ्यांचे मामा झाले, डॉक्टरांचेसुद्धा. शर्टाच्या खिशात रबर लावलेली एक लांबट वही कायम असे. मी जवळा बाजारपलीकडच्या तांड्यावरून रोज बसने यायची. माझं नाव त्यांना माहीत होतं, पण तोंडातून कधी आलं नाही. मी आपली 'पोरी'.

आमच्या कामाचा सगळा भार एका जुन्या सर्व्हरवर होता. वर्षानुवर्षांच्या रुग्णांच्या नोंदी त्याच्यात आणि आवाज असा, की दम्याचा रुग्ण बरा. सॉफ्टवेअर लिहून देणारा माणूस केव्हाच धंदा गुंडाळून निघून गेलेला, त्यामुळे ते नव्या मशीनवर परत बसवणं कुणाच्या बापाला जमणारं नव्हतं. तेव्हा असं ठरलं की अख्खी मशीन आहे तशी एका फाइलमध्ये उतरवायची आणि क्लाउडवर चढवायची. त्या फाइलला इमेज म्हणतात. क्लाउड म्हणजे कुठल्यातरी दूरच्या शहरातले दुसऱ्याचे मोठे संगणक. मामांची चिंता एकच होती. "तिथं मॉनिटर न्हाई, कीबोर्ड न्हाई. आत शिरायचा रस्ता हितूनच करून पाठवावा लागंल, पोरी. तिथं तुला दार उघडाया कोन बसलंय?"

मशीनला हात लावण्याआधी मामा आठ दिवस दवाखानाभर वही घेऊन फिरले. प्रत्येकाला एकच प्रश्न, "ही मशीन तुमच्यासाठी काय करती?" झाडूपोछा करणाऱ्या शांताबाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "थंडीत तिच्यावर दही चांगलं लागतं, मामा. ऊन असती ना." आम्ही पोट धरून हसलो. मामांनी मात्र ते गंभीरपणे वहीत लिहून घेतलं. त्यामुळे शांताबाईंना हुरूप आला. "आन् सकाळी सकाळी तिच्यातून एक कागद निघतो. त्यो मीच तर फोनवाल्या ताईला नेऊन देते."

तो कागद म्हणजे काचबिंदूच्या रुग्णांची यादी. कुणाची तपासणीची वेळ जवळ आली आहे, कुणाला फोन करून बोलवायचं. पूर्वीच्या एका सिस्टरने ती सोय करून घेतली होती आणि सिस्टर निवृत्त झाल्यावर सगळेच विसरले होते. आम्हाला वाटायचं, यादी डॉक्टरच काढतात. मी कागद पाहिला तर तिसरं नाव आमच्या बापूंचं, माझ्या वडिलांचं. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही, गुपचूप नजर खातो. बापूंचा एक डोळा असाच, कुणी वेळेवर न बोलावल्यामुळे गेला होता. दुसरा त्या कागदावर टिकून होता. त्या दिवसापासून हे काम माझ्यासाठी नुसतं काम राहिलं नाही.

मामांचा नियम होता, "मूळ प्रतीला हात न्हाई. चुका करायच्या त्या नकलेवर." पहिल्यांदा उतरवलेली इमेज म्हणजे मूळ प्रत, ती एका डिस्कवर कपाटात कुलूपबंद. नकलेवर आमची तयारी चाले. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मशीनला तिचं जुनं नेटवर्क कार्ड, म्हणजे बाहेरच्या संगणकांशी बोलायचा तिचा भाग, विसरायला लावायचं. नाहीतर नव्या जागी ती जुनंच कार्ड शोधत बसते आणि कुणाच्याच हाकेला ओ देत नाही. मग रंगीत तालीम. नक्कल स्टोअररूममधल्या संगणकावर चालवायची, मॉनिटर काढायचा आणि बाहेर केसपेपरच्या टेबलावरून तिच्यात शिरून दाखवायचं.

शनिवारी संध्याकाळी मी शेवटची ताजी नक्कल तयार केली. बस सुटायला आली होती. मी मॉनिटर लावूनच पाहिलं. सगळं झकास दिसत होतं. मॉनिटर परत टेबलाखाली सरकवला. मामा दारात चपला घालत होते.

"झालं?"

"झालं."

"बराबर?"

"बराबर, मामा."

रात्रभर फाइल चढायला लावून ठेवली होती, रविवारी सकाळी तिथली मशीन सुरू केली. क्लाउडच्या पानावर हिरव्या अक्षरांत 'चालू' आलं आणि मशीन मुकी. दहा वेळा हाक दिली, उत्तर नाही. मामांना तीन वेळा फोन लावला, त्यांनी उचलला नाही. मी एकटीच, रिकाम्या दवाखान्यात बसून रडले. रडून झाल्यावर टेबलाखालच्या मॉनिटरकडे लक्ष गेलं. चढवलेली नक्कल उघडून पाहिली, तर जुन्या कार्डाची नोंद जशीच्या तशी. घाईत तेवढं एकच राहिलं होतं आणि मॉनिटर न लावता पाहिलं असतं तर कालच कळलं असतं. कपाटातून मूळ प्रत काढली, पुन्हा नक्कल केली, एकेक गोष्ट पुन्हा केली. या वेळी मॉनिटरला हात लावला नाही. ऊन उतरेपर्यंत फाइल चढत राहिली. सोमवारी सकाळी पहिल्या हाकेला मशीनने ओ दिली. थोड्या वेळाने तिने पाठवलेली यादी घेऊन प्रिंटर घरघरला. बापू तिसऱ्या नंबरावर होते.

दहा वाजता मामा आले, बसले आणि म्हणाले, "शनिवारी मॉनिटर लावला व्हतास."

"तुम्हाला कसं कळलं?"

"वायर उलटी गुंडाळलीस ना. दारातनंच दिसली."

मी भडकले. "माहीत होतं तर बोलला का नाहीत? फोनसुद्धा उचलला नाही!"

"मूळ प्रत कपाटात व्हती. जुनी मशीन चालू व्हती. यादी हितून निघतच व्हती. तकलीफ झाली आसंल ती एकट्या तुला. मंग मी काहून मधी येऊ?"

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. आज वाटतं, त्या रविवारी मामांनी फोन उचलला असता तर मी जन्मभर कुणाला तरी फोनच लावत बसले असते. त्यांचे उपकार मोठे आहेत आणि हे मी त्यांना तोंडावर कधी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी लेकीने मामांना नाशिकला नेलं. औंढ्याच्या स्टँडवर त्यांनी खिशातली वही काढून माझ्या हातात ठेवली. मी विचारलं, "फोन करू ना?" म्हणाले, "कर की. पन मशीनसाठी न्हाई."

बस गेल्यावर मी तिथेच बाकावर बसून वही उघडली. आमच्या त्या कामाचं पान सापडलं. ओळींमागून ओळी, प्रत्येकीपुढे बरोबरची खूण. जुनं कार्ड – विसरलं. काचबिंदूची यादी – निघते. शांताबाईचं दही – उबेसाठी गोधडी शिवलेला डबा दिला. आणि सगळ्यांत खाली, त्या सोमवारची तारीख घालून:

पोरगी – मॉनिटरशिवाय चालते.

पुढे बरोबरची खूण होती. दोनदा केलेली.