सासऱ्यांचं पूर्ण फळ आणि आमच्या घरची मडी

माझ्या सासऱ्यांच्या परलोकप्रवासात एकच अडथळा आला, आणि तो अडथळा म्हणजे मी.

आम्ही कुंभकोणमचे मराठी. पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले आणि परत जायचं विसरले. बायको स्टेला इथलीच, तमिळ आणि कॅथलिक. दहा वर्षांत ती माझ्या आईकडून आमची मराठी बोलायला शिकली. (मी आईकडून फक्त बोलणी खायला शिकलो.)

सासरे गेल्या उन्हाळ्यात वारले. माणूस सोन्यासारखा, पण रमी खेळताना पत्ते लपवायचे. नोव्हेंबर लागला तशी स्टेला म्हणाली, "अप्पांसाठी परिपूर्ण पलन मिळवायचंय. म्हणजे पूर्ण फळ."

"कसलं फळ?"

"कन्फेशन केलं की पाप माफ होतं, पण शिक्षा थोडी उरते. मेल्यावर ती भोगत थांबावं लागतं. या आठवड्यात दफनभूमीत जाऊन प्रार्थना केली, तर अप्पांची उरलेली सगळी शिक्षा सुटते."

मला लगेच पटलं. (नवऱ्यांना हे धर्मशास्त्र शिकवावं लागत नाही. बायको 'माफ केलं' म्हणते, तरी पुढे चार दिवस ताटात नुसता दहीभातच येतो!)

"अटी काय गे?" आईनं विचारलं.

"कन्फेशन झालं. उद्या चर्चमध्ये मिस्सेत कम्युनियनचा प्रसाद घ्यायचा, पोपसाठी प्रार्थना करायची. आणि मन स्वच्छ हवं अम्मा, बारीकशा पापाचीही ओढ नको." तिचा आवाज ओला झाला. "माझ्यामुळे अप्पा अडकायला नकोत."

झालं! 'स्वच्छ' शब्द ऐकताच आईनं पदर खोचला. आमच्याकडे सोवळ्याला मडी म्हणतात. लग्नानंतर दोन वर्षं जिनं याच मडीपायी स्टेलाला स्वयंपाकघरात येऊ दिलं नव्हतं, तीच आता गरजली, "स्टेला मडींत आहे! कोणीं शिवायचं नाही!"

"आई, त्यांच्यात मडी नसते."

"तुझ्यांत तरी कोठें आहे? हो तिकडे!"

सकाळी स्टेला कॉफीच्या डब्याकडे वळली, तर आई डब्यासमोर उभी!

"नक्को! उपास!"

"अम्मा, कम्युनियनच्या आधी एक तासच खायचं-प्यायचं नसतं."

"एक तास? हा कसाला उपास? कडक कर, अप्पा लवकर सुटतील."

कुंभकोणमात वाढलेल्या बाईला सकाळी कॉफी न देणं हेच मुळात मोठं पाप आहे, पण आईला सांगणार कोण? मिस्सा झाली, कम्युनियन झालं, स्टेलाच्या कपाळावर आठ्या दिसू लागल्या. आता दफनभूमी. मी स्कूटर सुरू केली.

"ती तुझ्या पाठीला शिवणार?" आई ओरडली.

"मग रिक्षा करू."

"रिक्षांत कोण कोण बसून गेलें असेल!"

शेवटी आईनंच तोड काढली. ती स्वतः न्हाऊन आलेली, म्हणजे मडीत. सबब पुढे मी, मधे आई, मागे पांढऱ्या साडीतली स्टेला. आम्हा दोघांत पावित्र्याची भिंत घालून वरात निघाली. एका मंगल कार्यालयासमोर गाय आडवी आली, मी ब्रेक दाबला आणि आम्ही तिघं थेट उष्ट्या केळीच्या पानांच्या ढिगात! खाली मी, माझ्यावर आई, आईवर स्टेला, आणि सगळ्यांवर सांबार.

स्टेला तमिळमध्ये जे बोलली ते इथे लिहीत नाही. (माझे पूर्वज परत का गेले नाहीत, असा साधारण आशय होता.) मग ती रस्त्यातच बसून रडू लागली. "गेलं! अप्पांचं फळ गेलं! तुमच्यामुळे!"

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तशाच अवतारात दफनभूमी गाठली. फाटकापाशी एक वयस्कर फादर उभे होते. स्टेलानं रडत सगळं सांगितलं. ते तमिळमध्ये म्हणाले, "राग येणं वेगळं आणि पापाची ओढ वेगळी. राग धरून बसू नका. यांना माफ करा आणि आत जा."

स्टेलानं माझ्याकडे पाहिलं. सासऱ्यांची सुटका आता माझ्या थोबाडावर अवलंबून होती!

"केलं माफ," ती दात आवळून म्हणाली.

"मनापासून," फादर म्हणाले.

तिनं पुन्हा पाहिलं. माझ्या कानावर केळीचं पान होतं आणि खिशातून शेवग्याची शेंग डोकावत होती. ती फिस्सकन हसली, मग पोट धरून हसली, पदरानं माझं तोंड पुसलं आणि आत गेली. वडिलांच्या थडग्यापाशी ती बराच वेळ गुडघे टेकून बसली. उठली तेव्हा चेहरा निवळला होता. मीही हात जोडले. अप्पा, रमीचं मी केव्हाच माफ केलंय.

एवढ्यात आईनं फादरना गाठलं. "फादर, माझ्या ह्या लेकासाठीं स्टेला असें फळ मिळवील का?"

"नाही हो. जिवंत माणसानं आपलं आपणच मिळवायचं. दुसऱ्याला देता येतं ते फक्त मेलेल्यांना."

आईनं मला नखशिखान्त न्याहाळलं. "आपलें आपण? हा?" मग सुस्कारा सोडून म्हणाली, "त्यापेक्षां थांबूं या गे, स्टेला."

"हो अम्मा," स्टेला म्हणाली. "थांबू या."

दोघी समाधानानं पुढे चालू लागल्या. मी मागून रस्ता ओलांडला, दोन्हीकडे नीट पाहून, आणि मग पुन्हा एकदा पाहून.