जर्सीचा उन्हाळा

उंट पाण्याशिवाय दिवस कसे काढतो, निवडुंगाला पानांऐवजी काटे का, ध्रुवावरच्या अस्वलाच्या कातड्याखाली चरबी कशासाठी, हे सगळं मला झोपेतून उठवून विचारा. शहरातल्या शाळेत मी विज्ञान शिकवते. अनुकूलनाचा धडा दरवर्षी मीच घेते, आणि चांगला घेते, असं हेडमास्तरही म्हणतात. आणि हीच मी आईसाठी जर्सी गाय घेऊन गेले. कुठं, तर पाचोडच्या पुढं, जिथं मार्चातच दगड पायाला चटके देतो! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दुसरं काय?

त्याआधी आईकडं गावरान गाय होती. तांबडी, ठेंगणी. दूध म्हणाल तर दोन वेळचा चहा आणि वाटीभर दही. पण तिचं काही म्हणजे काही करावं लागत नव्हतं. सकाळी सोडली की आपली हिंडायची, ऊन चढलं की स्वतःहून लिंबाखाली जाऊन उभी राहायची, दिवस मावळायला दारात हजर. पाठीवर वशिंड, गळ्याखाली लोंबती पोळी, अंगावर आखूड चकचकीत केस. अंगातली उष्णता बाहेर टाकायचं सगळं सामान जन्मतःच बरोबर आणलेलं. माशी बसली तर तेवढीच कातडी थरथरवायची. काळा पडलेला कडबाही मुकाट्यानं खायची. हे मला दिसत नव्हतं का? चांगलं दिसत होतं. पण भावकीतल्या बाया म्हणायच्या, "पोरगी मास्तरीण, आन मायच्या दावणीला ही वाटीभर दुधाची गाय व्हय?" ते मला टोचायचं. खरं कारण हेच, बाकी सगळ्या मागाहून सुचलेल्या सबबी.

दिवाळी झाल्यावर तांबडी आम्ही पाचोडच्या बाजारात विकली. गाय विकली तरी दावं देत नाहीत, घरची लक्ष्मी बाहेर जाते म्हणतात. आईनं गाईच्या गळ्यातलं दावं सोडून घेतलं, घेणाऱ्याला त्याचं दावं बांधू दिलं आणि आपलं दावं घरापर्यंत पदराखाली धरून आणलं. मी मात्र हवेत. "आगं, नव्या गाईचं दूध काढून हात दुखतील तुझे," असं काहीतरी मी बडबडत होते.

थंडी होती तोवर जर्सीचं छान चाललं. बादली भरून दूध. बाया बघायला आल्या. आईही हळूहळू खुलली.

थंडी सरताना मी आईला डोळे दाखवायला शहरात आणलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डावा अजून कच्चा होता, उजवा पार पिकलेला. डॉक्टर म्हणाले, "लांबवू नका. आत दाब वाढला तर गेलेली नजर परत येत नसते." एप्रिलातली तारीख मिळाली, तोवर आई गावी परतली. मुकुंदवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत मी तिच्यासाठी खिडकीजवळची कॉट मोकळी करून ठेवली.

आणि ऊन तापलं. जर्सीनं जीभ बाहेर काढली ती आत घेईना. तोंडातून फेसाच्या तारा, पोट भात्यासारखं हलतंय, खाणं बंद. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, अंगावर ओली पोती टाका, सुकली की पुन्हा भिजवा. पंखा लावावा तर दुपारी लाईट नाही. मग आई हापशावरून पाणी आणायची, पोतं भिजवायची, टाकायची, शेजारी बसायची. पोतं सुकलं की पुन्हा हापसा. साठी ओलांडलेली बाई, एका डोळ्यानं धुकं बघणारी. सुख द्यायला आणलेल्या गाईनं तिला चाकरीला लावलं!

ऑपरेशनच्या आठवडाभर आधी मी फोन केला. आई म्हणाली, "म्या नाय येत, बये. मी आले तर तिला भिजवील कोण?"

"शेजारच्या काकांना सांग की."

"सांगून बघितलं. ते म्हणले, वहिनी, गावरान असती तर माझ्या गुरांत बांधली असती. हिचा जिम्मा आपून नाय घेत. उद्या आडवी झाली तर मलाच बोल."

मी चिडले. गडी बघते म्हटलं, कुणी मिळेना. मी रजा काढून गाईजवळ बसले तर दवाखान्यात आईजवळ कोण? गाय इकडं आणावी तर बांधू कुठं, गॅलरीत? शेवटी म्हणाले, "विकून टाक ती बला!"

"धापा टाकणारं जनावर कोण घेतंय? आन घेतलंच तर खाटीक घेईल. तूच आणलीस ना गं? आता जिवंत हाय ती."

मी फोन आपटला. तिच्यावर चिडले, गाईवर चिडले, काकांवर चिडले. स्वतःवर चिडायला तेवढं सुचलं नाही. तारीख गेली. पुढची घेतली, तीही गेली. दर वेळी आई म्हणायची, "पाऊस पडू दे, मग येते. डोळा कुठं पळून चालला?"

मेच्या अखेरीला तिचा डोळा लाल झाला, डोकं फुटेल इतका ठणकला. तेही तिनं दोन दिवस अंगावर काढलं. काकांनीच शेवटी मला कळवलं. मी गाडी करून गेले, तिला उचलून आणलं. डॉक्टरांनी डावा डोळा झाकून उजव्यात उजेड मारला आणि विचारलं, "आजी, काय दिसतंय?" आई म्हणाली, "लावा की आधी बत्ती." बत्ती लावलेलीच होती.

डावा डोळा वाचला. उजवा गेला तो गेलाच. गाय काकांनी नाइलाजानं सांभाळली, पाऊस पडल्यावर ती ठणठणीत झाली, आणि एका दूधवाल्यानं हसत हसत नेली.

आई आता माझ्याकडं असते. उजवीकडचं बघायला सगळी मान वळवते. जिना उतरताना आधी पायानं पायरी चाचपते. शेजारणी म्हणतात, "किती लवकर सवय करून घेतली हो तुमच्या आईनं! आम्हाला नसतं जमलं." असा संताप येतो! कौतुक कसलं करता? तिच्यावर ही वेळ मी आणली, मी. पण मी नुसती मान डोलावते.

सकाळचा चहा तीच ओतते, मला हात लावू देत नाही. एका डोळ्याला कप जवळ की लांब हे कळत नाही, म्हणून ती पातेल्याची कड कपाला टेकवते आणि कप भरला का हे बघायला आत बोट धरते. चहा उकळता असतो. मी शाळेच्या गडबडीत असते, आणि ती हसून पहिला कप माझ्या हातात देते, भाजलेलं बोट पदरात धरून.